लाळ्या खुरकूत आणि सांसर्गिक गर्भपात : सरकारी लसीकरणाचा लाभ कसा घ्यावा

लाळ्या खुरकूत (तोंडात व खुरांत फोड येणारा रोग) आणि सांसर्गिक गर्भपात (ब्रुसेलोसिस) या जनावरांच्या दोन्ही रोगांचे 2030 पर्यंत निर्मूलन करण्यासाठी केंद्र सरकारने 2019 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला असून त्यातील लस मोफत मिळते. गुरांचा बुळकांड्या (रिंडरपेस्ट) रोग देशातून अशाच मोहिमांमुळे हद्दपार झाला, म्हणून हे उद्दिष्ट अशक्य मानू नये.

प्रथम जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जनावरांची नोंद करून कानात बारा अंकी बिल्ला मारून घ्यावा, कारण लसीकरणाची नोंद त्याच क्रमांकावर होते. लसीपूर्वी जंतनाशक पाजावे. लाळ्या खुरकूताची लस चार महिन्यांवरील वासरांपासून सर्व गाई-म्हशींना दर सहा महिन्यांनी द्यावी लागते; पहिल्यांदा लस घेणाऱ्या वासराला महिन्याभराने पुन्हा मात्रा द्यावी. लसीनंतर एक-दोन दिवस ताप येतो, दूध थोडे घटते. एवढ्यासाठी लस टाळणे मला घातक वाटते, कारण रोग आल्यावर होणारे नुकसान कितीतरी मोठे असते.

सांसर्गिक गर्भपाताची लस चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना व पारड्यांनाच, आयुष्यात एकदा दिली जाते. ती जिवंत जंतूंची असल्याने नर व गाभण जनावरांना देऊ नये आणि हाताळणीचे काम प्रशिक्षित कर्मचाऱ्यांवरच सोपवावे. हा रोग माणसालाही होतो. त्यामुळे गाय गाभडल्यास गर्भ व वार उघड्या हातांनी न उचलता, हातमोजे घालून खोल खड्ड्यात चुन्यासह पुरावे, दूध उकळूनच प्यावे आणि दवाखान्याला तत्काळ कळवावे.