मायएसक्यूएलमध्ये लाखो ओळी एकदम भरताना या चुका टाळा

"सर्व्हर हँग झालाय" म्हणत कुणी आलं की माझा पहिला प्रश्न असतो, एरर नंबर काय आला? उत्तर ठरलेलं: "ती विंडो बंद केली." अहो, मायएसक्यूएल हा डेटाबेस सर्व्हर नंबर देतो, वाक्य देतो, कितव्या ओळीवर अडलं तेही बऱ्याचदा सांगतो. ते वाचायचं सोडून आपण नेटवर सापडलेली पहिली सेटिंग चिकटवतो आणि एरर गप्प झाली की डेटा आत गेला असं धरून चालतो. पुढच्या चुका मी नव्या मुलांकडून पाहिल्यात, तशाच दहा-बारा वर्षं मुरलेल्यांकडूनही. ५.७ आणि ८.० या दोन आवृत्त्या डोळ्यांपुढे ठेवून लिहितोय.

सगळी फाइल एका दमात, आणि मग अर्ध्यावर कंट्रोल-सी

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून तिला जास्त जागा.

इनोडीबी (मायएसक्यूएलचं नेहमीचं स्टोरेज इंजिन) टेबलावर लोड डेटा, म्हणजे फाइलमधून थेट ओळी भरणारी आज्ञा, चालवली की ती अख्खी फाइल म्हणजे एकच ट्रान्झॅक्शन: सगळं आत किंवा काहीच नाही. हजार ओळी असोत की कोटी, शेवटची ओळ आत गेल्याशिवाय कमिट, म्हणजे पक्की नोंद, नाही. मध्येच थांबवलं तर तोवर भरलेली प्रत्येक ओळ सर्व्हरला परत काढावी लागते (यालाच रोलबॅक म्हणतात), आणि भरायला लागला त्यापेक्षा काढायला कितीतरी जास्त वेळ लागू शकतो.

एका पतसंस्थेचं काम होतं. फॉक्सप्रोमधले जुने व्यवहार नव्या सर्व्हरवर न्यायचे, फाइल कोटीभर ओळींची. शनिवारी संध्याकाळी काम सुरू झालं, सोमवारी सकाळी शाखा उघडणार. काम करणारा मुलगा हुशार, पण धीर शून्य. रविवारी दुपारपर्यंत स्क्रीनवर काही हललं नाही म्हणून त्याने कंट्रोल-सी दाबलं आणि तीच आज्ञा पुन्हा दिली. पन्नास सेकंदांनी एरर १२०५, लॉक वेट टाइमआउट. साहजिकच आहे. पहिल्या फेरीतल्या ओळी अजून परत निघत होत्या, त्यांच्यावर लॉक होते, आणि दुसरी फेरी त्याच प्रायमरी की (प्रत्येक ओळीची एकमेव ओळख) घेऊन दारात उभी होती. मग त्याने टेबल ट्रंकेट, म्हणजे पूर्ण रिकामं, करायला घेतलं. तेही अडलं, कारण त्याला मेटाडेटा लॉक, म्हणजे टेबलाच्या रचनेवरचा लॉक, हवा होता. त्या लॉकसाठी थांबण्याची डिफॉल्ट मुदत किती आहे माहितीये? ३,१५,३६,००० सेकंद. म्हणजे एक वर्ष.

मग शेवटचं शस्त्र: किल मायनस नाइन, म्हणजे प्रोग्राम जबरदस्तीने बंद करणं. सर्व्हर मेला, पुन्हा उठला आणि राहिलेला रोलबॅक जिथल्या तिथून सुरू झाला. मारल्याने रोलबॅक माफ होत नाही. उलट बफर पूल, म्हणजे डेटाची पानं धरून ठेवणारी मेमरी, रिकामा झाल्याने प्रत्येक पान डिस्कवरून यायला लागलं. बफर पूल तरी केवढा, तर डिफॉल्ट १२८ एमबी. कुणी हातच लावला नव्हता.

मला फोन आला तेव्हा तो मुलगा इनोडीबी फोर्स रिकव्हरी (बिघडलेला सर्व्हर जबरदस्तीने उठवायची सेटिंग, १ ते ६) ६ वर टाकायच्या बेतात होता, कुठेतरी वाचून. ४ किंवा त्यावरचा आकडा डेटा फाइली कायमच्या बिघडवू शकतो, हे मायएसक्यूएलच्या मॅन्युअलमध्ये स्वच्छ लिहिलंय. ३ वर रोलबॅक न करता सर्व्हर उठतो आणि नको असलेलं टेबल टाकून देता येतं, पण ते टेबल खरंच टाकण्याजोगं असेल आणि बॅकअप हाताशी असेल तरच. इथे त्याच टेबलात आधीच्या दोन शाखांचे व्यवहार होते आणि त्यानंतर बॅकअप घेतलाच नव्हता.

मग केलं काय? शो इंजिन इनोडीबी स्टेटस उघडलं. त्यात रोलिंग बॅक असं लिहिलेलं ट्रान्झॅक्शन दिसतं आणि शेजारी अनडू लॉग एन्ट्रीजचा, म्हणजे अजून मागे घ्यायच्या बदलांचा, आकडा. दर पाच मिनिटांनी तो कागदावर लिहिला, उतरण्याचा वेग काढला, उरलेल्या वेळाचा भागाकार केला आणि संस्थेच्या मॅनेजरला खरी वेळ सांगितली. बाकी काही करण्यासारखं नव्हतंच. सोमवारी दुपारपर्यंत शाखांनी हाताने व्हाउचर फाडली.

माझी सवय अशी: फाइल लिनक्सच्या स्प्लिट या आज्ञेने पन्नास पन्नास हजार ओळींच्या तुकड्यांत फोडायची. प्रत्येक तुकडा वेगळा भरायचा आणि भरून झाला की 'झालेले' नावाच्या फोल्डरात हलवायचा. एखादा तुकडा अडला तर इनोडीबी तेवढाच मागे घेतो, पुन्हा चालवताना १०६२ म्हणजे डुप्लिकेट कीची कटकट होत नाही आणि किती काम उरलं ते फोल्डर पाहून कळतं. ओळी प्रायमरी कीच्या क्रमाने लावलेल्या असतील तर आणखी उत्तम. फक्त एक बघा, पत्त्याच्या रकान्यात कुणी एंटर मारून ठेवलेला असतो, तिथे स्प्लिट एकाच नोंदीचे दोन तुकडे करतं. आधी ते एंटर काढा. मायएसक्यूएल शेल या वेगळ्या प्रोग्राममध्ये इम्पोर्ट टेबल नावाची सोय आहे, ती स्वतःच तुकडे पाडते आणि समांतर भरते. तीही वापरा, माझा विरोध नाही. मला आपलं फोल्डर बरं वाटतं. आणि काम 'स्क्रीन' किंवा 'टीमक्स'मध्ये लावा, म्हणजे जोडणी तुटली तरी सर्व्हरवर ते चालू ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये. लॅपटॉप झाकला आणि जोडणी तुटली, ही सबब ऐकून कान किटलेत.

उलट्या टोकाचेही लोक आहेत: एक ओळ, एक इन्सर्ट, एक कमिट. प्रत्येक कमिटला लॉग डिस्कवर लिहिला जातो, म्हणून ते रात्रभर चालतं आणि मग "मायएसक्यूएल स्लो आहे" असा निष्कर्ष निघतो.

एरर १४०६ आली की रकाना रुंद करणं

नावाचा रकाना ५० अक्षरांचा. फाइल भरताना 'डेटा टू लाँग' येतं. मुलगा तो १०० करतो, मग २००, आणि मग फाइल जाते. कुणी थांबून विचारत नाही की ५० अक्षरांपेक्षा लांब नावाचा माणूस या तालुक्यात आहे कोण?

माणूस नसतो, एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये लिहिण्याची पद्धत, चुकलेलं असतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. लोड डेटा फाइल वाचताना डेटाबेसचा कॅरॅक्टर सेट धरतो, आणि ५.७ पर्यंत डिफॉल्ट होता लॅटिन-१, म्हणजे एका बाइटला एक अक्षर मानणारा. मग तो एका चिन्हाचे तीन बाइट म्हणजे तीन अक्षरं समजतो. टेबल यूटीएफ-८ असलं तर ती तीन अक्षरं इमानेइतबारे पुन्हा एन्कोड होऊन बसतात. ५० च्या आत बसली तर एररही येत नाही, नुसता चिखल साठतो. "पण मी सेट नेम्स (जोडणीचं एन्कोडिंग ठरवणारी आज्ञा) दिलं होतं" असं मला दर वेळी ऐकवलं जातं. सेट नेम्स लोड डेटाच्या फाइलला लागू होत नाही. त्याच आज्ञेत कॅरॅक्टर सेट यूटीएफ८एमबी४ असं लिहावं लागतं.

तपासायला मी 'मराठी' हा शब्द वापरतो. म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी: पाच चिन्हं, पंधरा बाइट. टेबलातल्या त्या शब्दाची कॅर-लेंग्थ (चिन्हांची संख्या) ५ आणि लेंग्थ (बाइटची संख्या) १५ आली तर सगळं ठीक. कॅर-लेंग्थच १५ आली तर थांबा, पुढची एकही ओळ भरू नका.

या दुखण्याचं मूळ पुष्कळदा एक्सेलमध्ये असतं. साध्या सीएसव्हीत सेव्ह केलं की मराठी नावांची प्रश्नचिन्हं होतात आणि ती कुठल्याही उपायाने परत येत नाहीत. सीएसव्ही यूटीएफ-८ निवडलं तर सुरुवातीला बीओएमचे, म्हणजे एन्कोडिंगच्या खुणेचे, तीन अदृश्य बाइट चिकटतात, मग पहिल्याच ओळीतला आयडी 'इनकरेक्ट इंटिजर' म्हणून अडतो. शिवाय एक्सेल १५ अंकांपुढचे अंक शून्य करतं आणि सुरुवातीची शून्यं खातं. खाते क्रमांक असलेली फाइल 'जरा बघायला' म्हणून एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करणाऱ्याच्या हातात मी पुन्हा फाइल देत नाही. श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर असेल तर तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, ते काम डेटाबेसचं नाही.

एरर दाबून टाकणारे शॉर्टकट

इन्सर्ट इग्नोर (एरर आली तरी पुढे जा), रिकामा एसक्यूएल मोड (चुकीचा डेटा नाकारणारा स्ट्रिक्ट मोड बंद) आणि फॉरेन की चेक शून्य (दुसऱ्या टेबलात संबंधित नोंद आहे का ही तपासणी बंद). हे त्रिकूट बहुतेक 'उपायां'त सापडतं.

लोड डेटामध्ये लोकल लिहिलं तरी हेच घडतं, आणि ते फार जणांच्या लक्षात येत नाही. फाइल क्लायंटकडून येत असल्याने सर्व्हर ती मध्येच थांबवू शकत नाही, म्हणून डेटाच्या आणि डुप्लिकेटच्या एररी नुसत्या वॉर्निंग होतात, स्ट्रिक्ट मोड चालू असला तरीही. शेवटी एक ओळ छापली जाते: रेकॉर्ड्स, डिलीटेड, स्किप्ड, वॉर्निंग्ज. ती वाचा. शो वॉर्निंग्जवरही विसंबू नका, ५.७ मध्ये ते ६४ आणि ८.० मध्ये १०२४ वर थांबतं. आपल्याकडच्या दिवस-महिना-वर्ष अशा तारखा इथेच बळी पडतात, कारण मायएसक्यूएलला वर्ष आधी लागतं. मी सगळे रकाने आधी मजकूर म्हणून कच्च्या टेबलात भरतो आणि तिथून स्टर-टू-डेट या फंक्शनने तारखा करून पक्क्या टेबलात नेतो. दुप्पट काम वाटतं, वाटू दे.

फॉरेन की चेक बंद करून भरलं आणि नंतर चालू केलं तर आत गेलेल्या ओळी तपासल्या जात नाहीत. खातंच नसलेले व्यवहार तसेच राहतात. दोन टेबलं लेफ्ट जॉइनने जोडून अशा अनाथ ओळी स्वतः शोधायच्या.

रोजच्या किरकोळ

२००६, 'सर्व्हर हॅज गॉन अवे': आधी अपटाइम, म्हणजे सर्व्हर किती वेळ चालू आहे, ते बघा. तो काही सेकंदांचा असेल तर सर्व्हर मरून उठलाय. डीमेसेजमध्ये (लिनक्स कर्नलचे संदेश) आउट ऑफ मेमरी शोधा. तसं नसेल तर मॅक्स अलाउड पॅकेट (एका वेळी पाठवता येणाऱ्या डेटाची मर्यादा) वाढवा, सर्व्हरवर आणि क्लायंटवर दोन्हीकडे. थेट १ जीबी करू नका, डम्पमधले (डेटाबेसची एसक्यूएल फाइलमध्ये काढलेली प्रत) इन्सर्ट लहान करा.

१२९०: फाइल सिक्युअर फाइल प्रिव्ह या सेटिंगने सांगितलेल्या फोल्डरात ठेवा. ७७७ परवानगी देऊन ही एरर जात नाही.

३९४८: लोकल इनफाइल (लोड डेटा लोकलला परवानगी देणारी सेटिंग) ८.० मध्ये मुळात बंद असतं, दोन्ही बाजूंनी चालू करावं लागतं. काम झालं की सर्व्हरवर परत बंद करा.

१२७३, अनोळखी कोलेशन (अक्षरांची तुलना आणि क्रम ठरवणारे नियम): ८.० चा डम्प तुम्ही ५.७ वर ओतताय.

पीएचपीमायअ‍ॅडमिन या ब्राउझरमधल्या साधनातून मोठी फाइल: नको. पीएचपीची अपलोड मर्यादा डिफॉल्ट २ एमबी असते.

विंडोज पॉवरशेलमध्ये बाणाने (> या चिन्हाने) काढलेला डम्प यूटीएफ-१६ होतो. मायएसक्यूएलडम्पचा रिझल्ट-फाइल हा पर्याय वापरा.

१११४, 'टेबल इज फुल': टेबलाआधी डिस्क बघा. ८.० मध्ये बायनरी लॉग (प्रत्येक बदलाची नोंद) आपोआप चालू असतो आणि ३० दिवस राहतो, म्हणजे भरलेला डेटा तिथेही लिहिला जातो. रेप्लिका, म्हणजे डेटाची जिवंत प्रत ठेवणारा दुसरा सर्व्हर, नसेल, बायनरी लॉगवरून रिकव्हरी करायची नसेल आणि बॅकअप घेतलेला असेल तरच त्या सेशनपुरता तो बंद करा.

आणि 'पुणे' डोळ्यांना दिसतं, पण शोधलं की सापडत नाही, अशी तक्रार आली तर शेवटच्या रकान्याचं हेक्स, म्हणजे बाइटचे आकडे, काढून पाहा. शेवटी ०डी दिसला तर फाइल विंडोजमधली आहे आणि ओळ संपण्याची खूण तुम्ही नुसती एन (\n) सांगितलीय, आर-एन (\r\n) नाही.