रूटला बाहेरून दार बंद करा

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपचा बिलिंगचा सर्व्हर बघायला गेलो होतो. लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडला तर रात्रभर ‘रूट’ (सगळे अधिकार असलेला यूजर) या नावानं पासवर्ड मारून बघणाऱ्यांची रांग, सणाच्या तोंडावर महाद्वार रोडला असते तशी. हे नाव जवळपास प्रत्येक लिनक्स सर्व्हरवर तेच. चोराचं निम्मं काम आपणच केलेलं.

आधी स्वतःच्या नावाचा यूजर काढा, त्याला सुडोचे, म्हणजे गरजेपुरतं रूटसारखं काम करायचे, अधिकार द्या, एसएसएचची (लांबून सर्व्हरवर लॉगिन करायची सोय) की, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी किल्लीची फाइल, चढवा. त्यानं लॉगिन होतंय आणि सुडो चालतोय हे बघूनच एसएसएचडी (एसएसएचचा सर्व्हरवरचा प्रोग्राम) याच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘परमिटरूटलॉगिन’पुढे ‘नो’ लिहा. ओपनएसएसएच या एसएसएचच्या नेहमीच्या सॉफ्टवेअरच्या ७.० आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, मूळ सेटिंग रूटला पासवर्डनं आत घेत नाही. पण कीनं घेतं.

खरी मेख उबुंटू या लिनक्सवर आहे. तिथं याच कॉन्फिग फाइलच्या नावाला ‘डॉट डी’ शेपटी लावलेल्या फोल्डरातल्या फाइली आधी वाचल्या जातात आणि पहिली सापडलेली नोंदच लागू होते. तिथं ‘यस’ असेल तर तुमचं ‘नो’ पाण्यात. सुडोनं ‘एसएसएचडी’ला डॅश कॅपिटल टी लावून चालवा, प्रत्यक्षात काय लागू आहे ते दिसतं.

बदल लागू व्हायला एसएसएच सर्व्हिस रीलोड केल्यावर चालू खिडकी बंद करू नका. दुसऱ्या खिडकीतून आत जाता आलं की मगच पहिली सोडा. नाहीतर भावा, आपल्याच सर्व्हरच्या उंबऱ्याबाहेर बसायची पाळी! एसएसएचचा नेहमीचा पोर्ट २२ बदलला तर लॉगमधला गोंगाट कमी होतो, एवढंच.