संगणक मंदावला असेल, तर आधी हार्ड डिस्क बदलावी

जुना संगणक सुरू व्हायलाच काही मिनिटे घेत असेल, तर नवा विकत घेण्याआधी पुढील उपाय करून पाहावा.

१. नेहमीचे काम चालू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून विंडोजचा टास्क मॅनेजर उघडावा आणि ‘परफॉर्मन्स’ या भागात डिस्क व मेमरी यांचे आकडे पाहावेत.

२. हार्ड डिस्क किती व्यस्त आहे हे दाखवणारा आकडा वारंवार १०० टक्क्यांवर जात असेल, तर तिच्या जागी २.५ इंची साटा (डिस्क जोडण्याची एक पद्धत) एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क, बसवावी. एसएसडीमध्ये फिरणारी चकती नसल्याने विखुरलेल्या लहान फायली वाचण्यात फारसा वेळ जात नाही. माझ्या मते जुन्या यंत्राला याहून मोठा लाभ दुसऱ्या कोणत्याही स्वस्त सुट्या भागाने होत नाही.

३. मेमरीच जवळजवळ भरलेली दिसत असेल, तर ४ जीबीची रॅम (म्हणजे हीच मेमरी) ८ जीबी करावी. मात्र डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या दोन पिढ्या एकमेकींच्या खाचेत बसत नाहीत आणि काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच जोडलेली असते, म्हणून खरेदीपूर्वी आपल्या मॉडेलची माहिती नीट तपासावी.

४. जुनी डिस्क काढण्याआधी तिची हुबेहूब प्रत क्लोनिंग सॉफ्टवेअरने एसएसडीवर घ्यावी.

क्लोनिंग करताना मूळ आणि लक्ष्य डिस्क यांची अदलाबदल झाली, तर सर्व छायाचित्रे व कागदपत्रे पुसली जातात. त्यामुळे त्यांची वेगळी प्रत आधीच बाह्य ड्राइव्हवर काढून ठेवावी आणि नवी एसएसडी काही दिवस सुरळीत चालल्याशिवाय जुनी डिस्क पुसू नये.