रुतलेली गाडी काढण्यासाठी विंच कोणता घ्यावा: हायड्रॉलिक की इलेक्ट्रिक?

या प्रश्नाचे निम्मे उत्तर गाडीचे बॉनेट उघडल्यावरच मिळते. विंच म्हणजे ड्रमवर दोर गुंडाळत रुतलेली गाडी ओढून काढणारे, गाडीच्या पुढे बसवलेले यंत्र. इलेक्ट्रिक विंच गाडीच्या बॅटरीवर चालतो, तर हायड्रॉलिक विंच दाबाखालच्या तेलावर चालतो आणि छोट्या गाड्यांमध्ये हे तेल बहुधा पॉवर स्टिअरिंगच्या पंपाकडून घेतले जाते. मारुतीची जिम्नी किंवा महिंद्राची थार रॉक्स यांसारख्या गाड्यांचे स्टिअरिंग इलेक्ट्रिक असल्यामुळे त्यांच्यात असा पंपच नसतो. इंजिनाच्या पट्ट्यावर वेगळा पंप बसवता येतो, पण मग त्याचे ब्रॅकेट, तेलाची टाकी, फिल्टर आणि कूलर एवढा सगळा पसारा मांडावा लागतो. हौशी मालकाने या खर्चात पडू नये असे माझे स्पष्ट मत आहे. हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगची जुनी जीप किंवा तशीच एखादी गाडी असेल, तरच हायड्रॉलिकचा विचार करण्यात अर्थ आहे.

त्यानंतर गाडी कुठे आणि कशी अडकते याचा विचार करावा. आपल्या नाशिक जिल्ह्यात रुतण्याचे दोन प्रकार ठळकपणे दिसतात. निफाड-येवल्याकडची काळी माती एका पावसात चिकट होते, टायरच्या खाचा भरून टाकते आणि चाक जागच्या जागी फिरू लागते. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ या पट्ट्यात मात्र पाऊस इतका असतो की रस्त्याकडेचा भराव खचून गाडी थेट भातखाचरात उतरते आणि वर पाणी, खाली मऊ गाळ अशा अवस्थेत बसते. चाके तुंब्यापर्यंत, म्हणजे मध्यापर्यंत, रुतली, तर ती काढायला गाडीच्या वजनाइतकी ओढ लागते आणि मडगार्डपर्यंत रुतली, तर दुप्पट, असा अंदाज धरण्याची पद्धत आहे. माणसे आणि सामान धरून 2,300 किलो भरणारी गाडी मडगार्डपर्यंत बसली, तर 4,600 किलोची ओढ हवी. बाजारात सर्रास मिळणारा 9,500 पाउंडांचा विंच मात्र सुमारे 4,300 किलोच ओढतो आणि तेही ड्रमवर दोराचा एकच थर उरलेला असताना. चौथ्या थरावर ही ताकद साधारण एक-तृतीयांशाने घटते. म्हणून गाडीच्या भरलेल्या वजनाच्या किमान दीडपट क्षमतेचा विंच घ्यावा आणि सोबत स्नॅच ब्लॉक, म्हणजे उघडता येणारी कप्पी, ठेवावीच. दोर कप्पीतून फिरवून परत गाडीला अडकवला की ओढ जवळजवळ दुप्पट होते, वेग निम्मा होतो आणि मोटारीवरचा ताणही उतरतो. हा नियम दोन्ही प्रकारच्या विंचांना सारखाच लागू आहे.

आता खरा फरक पाहू. इलेक्ट्रिक विंच पूर्ण भारावर 12 व्होल्टच्या बॅटरीतून 400 अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो. गाडीचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणारे यंत्र, शंभरेक अँपिअर देतो असे धरले, तरी उरलेले 300 अँपिअर बॅटरीलाच पुरवावे लागतात, म्हणजे दर मिनिटाला 5 अँपिअर-तास खर्च होतात. 70 अँपिअर-तासांच्या बॅटरीतून सहा मिनिटांत 30 अँपिअर-तास निघून जातात, आणि इतक्या जोराने उपसली जाणारी बॅटरी तिच्या आकड्याइतकी साथ देत नाही. हे गणित मला आधी कोणी सांगितले असते, तर हरसूलच्या अलीकडे एका बांधाखाली आमची संध्याकाळ गेली नसती. पुढची दोन्ही चाके खाचरात होती, दोर आंब्याच्या झाडाला बांधला होता, आणि गाडी हलताना दिसते आहे या आनंदात मी रिमोटचे बटण सोडलेच नाही. आधी हेडलाइट पिवळे पडले, मग ड्रम कण्हल्यासारखा आवाज करीत थांबला, आणि मोटारीच्या आवरणावर पडणाऱ्या पावसाच्या थेंबांची वाफ होऊ लागली. दोष विंचचा नव्हता, माझ्या हाताचा होता. जड भारावर अर्धा मिनिट ओढावे, मग थांबून इंजिन थोड्या चढ्या वेगाने चालू ठेवत बॅटरीला आणि मोटारीला उसंत द्यावी, अशीच या यंत्राची रीत आहे.

हायड्रॉलिक विंचला ही उसंत लागत नाही. तेल फिरत राहते, उष्णता वाहून नेते आणि इंजिन चालू आहे तोवर तो तासभरही त्याच ताकदीने ओढत राहतो. तेलावर चालणारी त्याची मोटार पूर्ण बंदिस्त असल्याने पाण्याखाली गेली तरी बिघडत नाही. एका मित्राच्या जुन्या जीपवरचा असा विंच मी जवळून पाहिला आहे. सलग तीन गाड्या काढूनही त्याची मोटार हाताला जेमतेम कोमट लागत होती. मात्र दोर सरकताना डोळ्यांना कळू नये इतका तो मंद होता. या मंदपणाचे कारण साधे आहे. स्टिअरिंगचा पंप 100 बार दाबाने मिनिटाला 8 लिटर तेल देत असेल, तर त्यातून मिळणारी शक्ती जेमतेम 1.3 किलोवॅट असते, तर 400 अँपिअर ओढणारा इलेक्ट्रिक विंच बॅटरीतून 4.8 किलोवॅट घेतो. ट्रॅक्टरच्या किंवा ट्रकच्या मोठ्या पंपावर चालणारा हायड्रॉलिक विंच ही कसर भरून काढतो, त्यामुळेच गाड्या काढणे हा ज्यांचा रोजचा व्यवसाय आहे ते त्याला पसंती देतात. ज्यांच्याकडे ट्रॅक्टर आहे आणि पावसाळ्यात गावच्या रस्त्यावर दर आठवड्याला कोणाची तरी गाडी ओढण्याची वेळ येते, त्यांनी हायड्रॉलिकच घ्यावा असे मी निःसंकोच सांगेन.

परंतु इंजिन बंद पडले की हायड्रॉलिक विंच निव्वळ लोखंडाचा ठोकळा उरतो, आणि ही उणीव आपल्या भागात फार महत्त्वाची आहे. ओढा ओलांडताना एअर फिल्टरपर्यंत पाणी पोहोचल्याची शंका जरी आली, तरी इंजिन पुन्हा चालू करणे धोक्याचे असते, कारण सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा वेळी इलेक्ट्रिक विंच बॅटरीवर दहा-पंधरा फूट तरी ओढून गाडी काठावर आणतो. शिवाय होज पाइप फुटला तर विंचबरोबर पॉवर स्टिअरिंगचे तेलही जाते, आणि घाटातून जड स्टिअरिंगने परतणे सोपे नाही. एकट्यादुकट्याने भटकणाऱ्या, वर्षातून पाच-सात वेळा विंच वापरणाऱ्या माणसाने म्हणूनच इलेक्ट्रिक घ्यावा. दोन गाड्या सोबत असतील, तर एकीवर एक आणि दुसरीवर दुसरा ही जोडी उत्तम.

इलेक्ट्रिक घेताना मोटारीचा प्रकार जरूर विचारावा. सिरीज-वाऊंड मोटार जड भार जास्त वेळ सोसते. पर्मनंट मॅग्नेटची, म्हणजे कायम चुंबकाची, मोटार कमी वीज घेते, पण लवकर तापते. पाण्यापासूनच्या संरक्षणाचा दर्जा आयपी 67 (थोडा वेळ पाण्यात बुडाले तरी आत पाणी न शिरण्याचा) किंवा त्याहून वरचा असावा. जाड केबल थेट बॅटरीवर घ्यावी आणि मध्ये हाताने तोडता येणारा आयसोलेटर स्विच बसवावा, कारण एवढ्या प्रवाहाची केबल बंपरच्या धारेवर घासून उघडी पडली तर आग लागायला वेळ लागत नाही. बॅटरी जुनी असेल, तर विंचच्या आधी ती बदलावी.

बसवण्याच्या बाबतीत एक कायदेशीर मुद्दा आहे. डिसेंबर 2017 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने अनधिकृत क्रॅश गार्ड आणि बुल बार यांच्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली कारवाई करण्यास राज्यांना कळवले होते. त्यामुळे पुढे आलेला भलामोठा लोखंडी बंपर लावून त्यावर विंच मिरवण्यापेक्षा, मूळ बंपरच्या मागे थेट चॅसीला बोल्ट होणारी प्लेट घ्यावी, आणि काम सुरू करण्याआधी आरटीओत व विमा कंपनीकडे चौकशी करावी. पुढच्या स्प्रिंगवर पडणारा तीस-चाळीस किलोंचा जादा भारही विसरू नये.

पोलादी तार स्वस्त पडते आणि दगडावर घासली तरी टिकते, पण ताणाखाली तुटली तर तिचा फटका जीवघेणा असतो. सिंथेटिक दोर हलका असतो आणि तुटल्यावर तितका उसळत नाही, मात्र चिखलातली वाळू त्याला आतून कापते, म्हणून प्रत्येक वापरानंतर तो धुवावा. कोणताही असला तरी ओढताना त्यावर जाड गोधडी किंवा ओले पोते टाकावे, माणसांना दोराच्या लांबीइतके लांब उभे करावे आणि झाडाला दोर थेट न बांधता रुंद पट्टा वापरावा. तार असेल तर ड्रमवर किमान पाच वेढे ठेवावेत आणि सिंथेटिक दोर असेल तर दहा, नाहीतर ड्रमवरची पकड सुटते.

नवा विंच बसवल्यावर पहिली ओढ पावसात करू नये. मे महिन्यात, मृग लागण्यापूर्वी, हलक्या चढाची कोरडी मुरमाड जागा शोधावी, शेवटचे वेढे ठेवून सगळा दोर सोडावा, झाडाला पट्टा बांधावा आणि गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, चालकाचा पाय ब्रेकवर अलगद राहील अशा बेताने, तिला स्वतःच्याच विंचने वर ओढत दोर घट्ट आणि शेजारी-शेजारी गुंडाळून घ्यावा. सैल गुंडाळलेला दोर भाराखाली खालच्या थरात रुतून बसतो, आणि तो सोडवण्याचे काम गुडघाभर गाळात उभे राहून करावे लागते.