उन्हाळ्यात हौदातले मासे जपताना

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो आणि परसातला हौदही तापतो. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. मासे पहाटे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले, तर कारण बहुधा तेच. घरात कुरडया-पापडांचा घाट, त्यात सुट्टीला आलेली पोरं. हौदाकडे बघायला वेळ कुणाला? निदान अर्ध्या हौदावर हिरवी शेडनेट बांधा. नळाचं पाणी थेट सोडू नका, त्यात क्लोरीन असतं. उघड्या टबात दिवसभर ठेवून संध्याकाळी उंचावरून धार धरून थोडं थोडं ओता. तेवढीच हवा मिसळते. आणि खाद्याचा डबा पोरांच्या हाती लागू देऊ नका! उरलेलं खाद्य तळाशी कुजतं, मग आहे तो प्राणवायूही कमी होतो. गप्पी मासे असतील, तर डासांच्या अळ्यांवर त्यांचं बरंचसं भागतं.