जुनी गाडी उन्हात दगा देते? दोष गरम असतानाच पकडा

मे महिन्यात खंबाटकीच्या चढावर माझी कार्ब्युरेटरची (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) जुनी गाडी बंद पडली. बॉनेट उघडून अर्धा तास सावली शोधत बसलो, मग काही झालंच नाही अशा थाटात ती सुरू झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला गॅरेजमध्ये नेली, तर एका सेलात चालू. मेकॅनिकने अंदाजाने पेट्रोल पंप बदलला. पुढच्या रविवारी मी पुन्हा त्याच चढावर, तसाच उभा. दोष निघाला इग्निशन कॉईलचा, म्हणजे ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणाऱ्या गुंडाळीचा.

उन्हाळ्यातल्या दोषाची खोडच ही, इंजिन गार झालं की तो गायब होतो. म्हणून डिकीत पाच वस्तू ठेवा: दोन-तीन लिटर पाणी, जाडसर फडकं, प्लगपाना, रबरी मुठीची पक्कड आणि एक चांगला जादा प्लग. सोबत वही-पेन्सिल.

पायरी १ : नेमकं कधी होतं ते लिहून ठेवा

सिग्नलला, गर्दीत तापमानाचा काटा चढतो आणि गाडी पळू लागली की उतरतो? की हायवेवर सलग वेगात असताना चढतो? की काटा मध्यावरच असतो, पण चहाला दहा मिनिटं थांबलात की गाडी परत सुरूच होत नाही? हे तीन वेगळे आजार आहेत. एसी चालू होता का, टाकीत पेट्रोल किती होतं, तेही लिहा.

थोडी मरगळ मात्र स्वाभाविक आहे. ४५ अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा जवळपास १० टक्के विरळ असते, त्यात छोट्या इंजिनावर एसीचा भार. भर दुपारी एसी लावून चार माणसांसह गाडी चढ ओढत नाही, एवढ्यासाठी इंजिन खोलू नका.

पायरी २ : पाणी, झाकण, पंखा

हे काम सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही. उसळणारं पाणी तोंड-हात भाजतं.

झाकणाकडे कुणी बघत नाही, आणि तिथेच बऱ्याचदा गोम असते. ते साधारण ०.९ बार दाब धरून ठेवतं, त्यामुळे आतलं पाणी ११८ अंशांच्या आसपास उकळतं. रबर चिरलं की दाब राहत नाही आणि तेच पाणी १०० अंशांना, महाबळेश्वरच्या उंचीवर तर ९६च्या आसपास, उकळायला लागतं. रबर कडक झालं असेल तर झाकण बदला. स्वस्तातलं काम आहे.

मग गाडी उभी करून, एसी बंद ठेवून इंजिन चालू ठेवा. काटा मध्याच्या थोडा वर गेला की विजेचा पंखा सुरू व्हायला हवा. नाही झाला तर फ्यूज, रिले, मोटर आणि रेडिएटरवरचा स्विच तपासून घ्या. पद्मिनी-अ‍ॅम्बेसेडरसारख्या गाड्यांत पंखा बेल्टवर फिरतो. तिथे इंजिन बंद करून बेल्टचा ताण बघा.

पंखा ठीक असूनही हायवेवर काटा चढत असेल, तर संशय रेडिएटर चोंदल्याचा, वॉटर बॉडीचा (पाणी फिरवणारा पंप) किंवा अडकलेल्या थर्मोस्टॅटचा (इंजिन तापल्यावर पाण्याची वाट उघडणारी झडप). थर्मोस्टॅट कायमचा काढून टाकण्याचा सल्ला हमखास मिळतो. ऐकू नका, थंडीत इंजिन तापायला वेळ लागतो आणि पेट्रोल जास्त जळतं.

पायरी ३ : गाडी बंद पडली, आता ठिणगी की पेट्रोल?

काटा मध्यावर असताना गाडी बंद पडली, तर हीच वेळ सोन्याची. ती गार होऊ देऊ नका.

आधी ठिणगी. एका प्लगची वायर काढून तिच्यात जादा प्लग खोचा. पकडीने धरून त्याचा धातूचा भाग इंजिनच्या रंग नसलेल्या धातूला घट्ट टेकवा, कार्ब्युरेटरपासून लांब. आसपास पेट्रोलचा वास असेल तर ही चाचणी करूच नका. सोबत्याला सेल मारायला सांगा. निळी, चटचट वाजणारी ठिणगी आली तर इग्निशन ठीक. लालसर, मरतुकडी आली किंवा आलीच नाही, तर कॉईल पहिली संशयित. पॉईंटच्या, म्हणजे ठिणगीची वेळ यांत्रिक स्विचने साधणाऱ्या जुन्या गाडीत, त्या स्विचला जोडलेला कंडेन्सरही. माझ्या गाडीत ती लालसरच होती, आणि गार झाल्यावर निळी.

ठिणगी चांगली असेल तर इग्निशन बंद करा, एअर क्लिनरचं झाकण काढा आणि कार्ब्युरेटरच्या तोंडात बघत हाताने थ्रॉटल ओढा. पेट्रोलची बारीक पिचकारी दिसायला हवी. नाही दिसली तर पाईपात किंवा पंपात पेट्रोलची वाफ झाली असावी, म्हणजे व्हेपर लॉक. पंपावर आणि पाईपावर ओलं फडकं टाका. पाच-दहा मिनिटांत पिचकारी परतली तर निदान पक्कं. मग पाईप एक्झॉस्टजवळून जातो का ते बघा आणि तो लांब सरकवून घ्या. उलट आत पेट्रोलचा भपकारा आला तर गाडी फ्लड झाली आहे, म्हणजे इंजिनात पेट्रोल जास्त झालं आहे. झाकण परत लावा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि सेल मारा; पंपिंग करू नका.

एमपीएफआय गाडीत, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या गाडीत, पिचकारी बघता येत नाही. चावी फिरवल्यावर मागून पंपाची दोनेक सेकंदांची गुणगुण ऐका. ती येत असेल पण ठिणगी नसेल, तर गरम झाल्यावर दगा देणारा क्रँक सेन्सर (इंजिनाचं फिरणं टिपणारा) तपासायला सांगा.

हो, २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुन्या रबरी पाईपांना मानवत नाही. पाईप मऊ किंवा ओलसर लागला तर या पेट्रोलला चालेल असा नवा टाका.

इथे थांबा

रेडिएटरमध्ये बुडबुडे, ऑइल दुधाळ, किंवा गरम झाल्यावरही पांढरा धूर आणि पाणी सतत कमी होणं, ही हेड पॅकिंग (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग) गेल्याची लक्षणं. गाडी टो करूनच न्या.

बाकी कशासाठीही गॅरेजला जायचं तर सकाळी जाऊ नका. दुपारी तीनला, वीसेक किलोमीटर फिरवून न्या, आणि बॉनेट उघडायच्या आधी वही दाखवा.