सेटिंग विसरणारा जुना संगणक

दर वेळी घड्याळ मागे गेलेले दिसत असेल आणि ‘सीमॉस चेकसम एरर’ (सेटिंग साठवणाऱ्या ‘सीमॉस’ स्मृतीतील माहिती जुळत नाही) असा संदेश देऊन यंत्र एफ१ दाबण्याची वाट पाहत असेल, तर बहुधा मदरबोर्डावरचा नाण्याएवढा सेल संपलेला असतो. भिंतीवरचे बटण बंद असताना घड्याळ चालवण्याचे आणि बायॉसमधील, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममधील, निवडी जपण्याचे काम तोच करतो.

बायॉसच्या पडद्यांची छायाचित्रे आधी मोबाइलवर घ्यावीत; हार्ड डिस्कशी संपर्क साधण्याची पद्धत ‘आयडीई’ आहे की ‘एएचसीआय’ हे विशेष टिपावे, कारण ती बदलली गेल्यास विंडोज अनेकदा सुरूच होत नाही. मग विजेची वायर काढून खाचेची पत्र्याची क्लिप नखाने सारली, की सेल टुणकन वर येतो. मल्टिमीटरवर नवा सेल ३ व्होल्टांहून किंचित अधिक दाखवतो; जुना २.५च्या खाली असेल तर विचार करत बसू नये. नवा सीआर२०३२ सेल अधिकचे चिन्ह वर ठेवून बसवावा.

तरीही सेटिंग पुसली जात असतील, तर ‘क्लिअर सीमॉस’चा, म्हणजे सेटिंग पुसण्याचा, जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) चुकीच्या पिनांवर राहिलेला नाही ना, हे पाहावे. १९९०च्या आसपासच्या काही बोर्डांवर मात्र डाक देऊन बसवलेला निकेल-कॅडमियम सेल असतो; तो गळून तांब्याच्या रेषा खातो, म्हणून हिरवट डाग दिसताच तो आधी काढावा.